डीव्हीडी कितीच्या वेगानं मारावी?

तुळशीचं लग्न लागलं की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या फोटो स्टुडिओंची धांदल सुरू होते, ती थेट मृगाच्या पावसापर्यंत. शूटिंग, मिक्सिंग, अल्बम आणि सगळ्यात शेवटी, गिऱ्हाईक दारात उभं असताना, डीव्हीडी. महिनाभराच्या मेहनतीचा हा शेवटचा टप्पा असतो आणि सर्वांत कमी लक्ष त्याच्याच वाट्याला येतं. राइट करायच्या खिडकीत वेगाच्या जागी ‘मॅक्सिमम’ लिहिलेलं असतं. ते तसंच राहू देऊन बटण दाबलं जातं.

आता डिस्क कोण मागतं, असं काहींना वाटेल. पेन ड्राइव्ह आहे, मोबाइलवर लिंक जाते. तरीही संगमनेर, शेवगाव, जामखेडकडच्या कितीतरी घरांत टीव्हीखाली डीव्हीडी प्लेअर अजून चालू आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना रिमोटचं एक बटण दाबून नातवाचं लग्न बघायचं असतं. सप्ताहाच्या मंडळांना कीर्तनाच्या प्रती हव्या असतात. अकोले तालुक्यातल्या इंदोरीच्या निवृत्ती महाराज देशमुखांची, म्हणजे इंदुरीकर महाराजांची कीर्तनं यूट्यूब हाताशी येण्याआधी सीडीवरूनही गावोगाव पोचली होती. शिवाय पोलीस ठाणं आणि न्यायालय आहेच. सीसीटीव्हीचं चित्रण तिथे आजही बऱ्याचदा डिस्कवरच द्यावं लागतं. म्हणून काम थोडं उरलं असलं, तरी नीट करण्याजोगं आहे.

गिऱ्हाइकाची तक्रार बहुतेक एकाच छापाची असते. हळद चांगली दिसली, मंगलाष्टकं झाली, जेवणाच्या पंगतीपर्यंत सगळं ठीक. पाठवणीला चित्र अडकायला लागलं, चौकोन चौकोन दिसले आणि प्लेअर थांबला. नेमकं पाठवणीलाच का? याचं कारण कळलं की वेगाचा निम्मा प्रश्न सुटतो.

डीव्हीडीवरचं लिखाण मधल्या भोकाजवळून सुरू होतं आणि नागमोडी न जाता एकाच सलग वेटोळ्यानं बाहेरच्या कडेकडे सरकतं. म्हणजे हळद आतल्या बाजूला आणि पाठवणी अगदी कडेला. आता डिस्कवर कमाल वेग म्हणून छापलेल्या १६ एक्सचा अर्थ बघू. डीव्हीडीचा १ एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८५ मेगाबाइट. त्या हिशेबानं १६ एक्स म्हणजे सेकंदाला बावीस मेगाबाइटच्या आसपास. पण राइटर सुरुवातीपासून या वेगानं लिहूच शकत नाही. डिस्क एकाच गतीनं फिरवत ठेवली, तर आतल्या लहान घेराखालून लेसर कमी अंतर कापतो आणि बाहेरच्या मोठ्या घेराखाली जास्त. त्यामुळे ‘१६ एक्स’वर लावलेली डिस्क प्रत्यक्षात साडेसहा एक्सच्या आसपास सुरू होते आणि १६चा आकडा गाठते तो शेवटी, कडेला. त्या वेळी ती मिनिटाला नऊ हजारांहून जास्त फेरे घेत असते. इतक्या गतीत डिस्कचा जरासा बाक, मधल्या भोकातली जराशी तिरकस बसण, रंगद्रव्याच्या थरातला जरासा उणेपणा हे सगळं वाढून दिसतं. शिवाय कारखान्यात रंगद्रव्य पसरवतानाही शेवटच्या कडेला थर एकसारखा ठेवणं सर्वांत अवघड असतं. सर्वांत जास्त वेग आणि सर्वांत कच्ची जागा, दोन्ही पाठवणीच्या वाट्याला येतात.

आणि एवढं करून वाचतं किती? ४.७ जीबीची पूर्ण भरलेली डिस्क १६ एक्सवर साधारण साडेपाच-सहा मिनिटांत होते, ८ एक्सवर आठ-नऊ मिनिटांत, ४ एक्सवर चौदा-पंधरा मिनिटांत. १ एक्सला जवळपास तास लागतो. म्हणजे आठवरून सोळावर गेल्यानं वेळ निम्मा होत नाही, फार तर तीन मिनिटं वाचतात. लग्नाची चार-पाच प्रतींची ऑर्डर असेल, तर पाव तासासाठी हा धोका पत्करायचा का, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी पत्करणार नाही.

इथे दुसरा टोकाचा समज पुढे येतो आणि तो जुन्या, अनुभवी माणसांकडूनच येतो: जितकं हळू, तितकं पक्कं. सीडीच्या सुरुवातीच्या काळात यात तथ्य होतं. तेव्हाच्या डिस्क कमी वेगासाठीच बनत, संगणक अडखळत चालत, मध्येच माहितीचा पुरवठा तुटला की डिस्क वाया जाई. आज १६ एक्सची डीव्हीडी हट्टानं १ किंवा २ एक्सवर मारायला गेलात, तर अनेक राइटर तो वेग देतच नाहीत; आणि जे देतात त्यांच्यावरचा निकाल ८ एक्सपेक्षा वाईटही निघतो.

त्याचं कारण रंगद्रव्यात आहे. कोऱ्या डीव्हीडीत सेंद्रिय रंगाचा अतिशय पातळ थर असतो. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा लाल लेसर त्यावर क्षणभर प्रखर होतो, तेवढ्या ठिकाणचं रंगद्रव्य उष्णतेनं बदलतं आणि एक खूण उमटते. सर्वांत लहान खूण ०.४ मायक्रोमीटर लांबीची असते. दोन शेजारच्या रेषांमधलं अंतर ०.७४ मायक्रोमीटर. या खुणेची लांबी अचूक असावी लागते, कारण माहिती त्या लांबीतच साठवलेली असते. १६ एक्सला लेसरला हाताळावं लागणारं वेळेचं सर्वांत लहान माप सुमारे २.४ नॅनोसेकंद असतं, म्हणजे सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यातले अडीचसुद्धा नाहीत. १६ एक्ससाठी बनवलेलं रंगद्रव्य अशा झटपट, तीव्र उष्णतेला प्रतिसाद देईल असं जुळवलेलं असतं. त्याला मंद आणि लांब आच दिली की उष्णता आजूबाजूला पसरते आणि खुणेच्या कडा फाकतात. भाकरीचं जसं असतं: तवा फार तापला तर वरून करपते आणि आत कच्ची राहते, तवा गार असला तर शेकण्याआधीच वाळून कडक होते.

मग बरोबर वेग कोणता? एका वाक्यात सांगायचं, तर डिस्कवर छापलेल्या कमाल वेगाच्या निम्मा, आणि तोही तपासून घेतलेला. त्यातला ‘तपासून घेतलेला’ हा भाग जास्त महत्त्वाचा. वेग ही एकट्या डिस्कची गोष्ट नाही. डिस्क आणि राइटर या जोडीचा तो प्रश्न आहे.

प्रत्येक कोऱ्या डिस्कवर कारखान्यातच एक ओळख-संकेत कोरलेला असतो. राइटर डिस्क आत घेतल्याबरोबर तो वाचतो आणि आपल्या फर्मवेअरमधल्या यादीत शोधतो. यादीत सापडला, तर या रंगद्रव्याला कोणत्या वेगाला किती ताकदीचे आणि किती लांबीचे झटके द्यायचे, याची तयार कृती त्याच्याकडे असते. नाही सापडला, तर तो सरधोपट कृतीवर काम भागवतो. यामुळेच एकाच्या दुकानात उत्तम निघणारी डिस्क शेजारच्या दुकानात अडकते. दोष डिस्कचा नसतो, राइटरचाही नसतो. त्या दोघांची ओळख नसते.

हा संकेत तुम्हालाही बघता येतो. इमगबर्न नावाचा फुकट प्रोग्राम आहे. २०१३ नंतर त्याची नवी आवृत्ती आली नसली तरी काम चोख करतो. कोरी डिस्क घातली की उजव्या बाजूच्या चौकटीत डिस्कचा आयडी आणि त्या जोडीला चालणारे वेग दिसतात. ‘एमसीसी’नं सुरू होणारा संकेत मित्सुबिशी केमिकलच्या, म्हणजे व्हर्बॅटिमच्या तंत्राचा, ‘टीवायजी’ म्हणजे जपानी तैयो युदेन, ‘सीएमसी मॅग’ म्हणजे तैवानची सीएमसी, ‘एमबीआय’ म्हणजे आपली नोएडाची मोझर बेअर. डब्यावरचं नाव आणि खरा कारखाना एकच असेल, असं मुळीच धरून चालू नका.

बाजाराची आजची स्थिती बघता ही सवय लावून घेणं गरजेचं झालं आहे. मोझर बेअर ही एकेकाळी जगातल्या मोठ्या डिस्क उत्पादकांपैकी एक होती. कोऱ्या डिस्क तर तिच्या होत्याच, शिवाय २००७च्या सुमारास तिनं चित्रपटांच्या व्हीसीडी अठ्ठावीस रुपयांना विकून बाजार हलवला होता. ती कंपनी २०१८मध्ये अवसायनात गेली. तैयो युदेननं त्याआधी, २०१५मध्ये हा धंदा बंद केला होता. सोनीनं फेब्रुवारी २०२५मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं. म्हणजे आज पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जो माल मिळतो, त्यात बराच साठा जुना असू शकतो. कोरं रंगद्रव्यसुद्धा वर्षानुवर्षं पडून राहिलं की बिघडतं. नवीन स्पिंडल आणल्यावर पहिल्याच दिवशी त्यातल्या तीन डिस्क चाचणीसाठी बाजूला काढा. एक ४ एक्सवर, एक ८वर, एक १२वर मारा. तिन्ही तपासा. जो वेग चांगला ठरेल, तो मार्करनं स्पिंडलच्या झाकणावर लिहून ठेवा. पन्नास डिस्कच्या स्पिंडलमधल्या तीन गेल्या तरी पुढच्या सत्तेचाळीस निर्धास्तपणे मारता येतात.

तपासणी कशी करायची? निरोचं डिस्कस्पीड किंवा तत्सम साधन काही राइटरवर डिस्कमधल्या चुका मोजून दाखवतं. लाइटऑनचे राइटर या कामाला प्रसिद्ध होते. डीव्हीडीवर चुका असतातच, पण त्या आपोआप दुरुस्त करण्याची सोय मानकातच केलेली आहे. प्रश्न फक्त प्रमाणाचा. मानकानुसार लागोपाठच्या आठ गटांतल्या प्राथमिक चुकांची बेरीज २८०च्या वर जाता कामा नये. चांगली डिस्क यापेक्षा खूप खाली, वीस-तीसच्या घरात राहते. आलेखात सुरुवातीला चुका कमी आणि कडेला अचानक डोंगर उभा राहिला, तर समजा की वेग जास्त झाला. चुका पहिल्यापासून शेवटपर्यंत सारख्याच चढ्या असतील, तर वेग बदलून फारसा फरक पडणार नाही. त्या डिस्कचं आणि तुमच्या राइटरचं जमत नाही, कंपनी बदला.

तुमचा राइटर चुका मोजू शकत नसेल, तर वाचनाची चाचणी घ्या. वाचनवेगाची रेष आतून बाहेर गुळगुळीत चढत गेली पाहिजे. मध्येच खड्डे पडले तर ती डिस्क गिऱ्हाइकाला देऊ नका. याशिवाय दुकानात एक जुना, साधा डीव्हीडी प्लेअर राखून ठेवा. नवा नको. लेन्स थकलेला, चार-सहा वर्षं वापरलेला. संगणकाचा ड्राइव्ह दणकट असतो, तो बऱ्याच गोष्टी सांभाळून घेतो. गिऱ्हाइकाच्या घरचा प्लेअर तेवढा समर्थ नसतो. डिस्क त्या जुन्या प्लेअरमध्ये घाला आणि थेट शेवटच्या दहा मिनिटांवर जा. पाठवणी नीट दिसली की डिस्क द्यायला हरकत नाही.

आता निरनिराळ्या डिस्कचे वेग. नेहमीची १६ एक्स डीव्हीडी-आर, डेस्कटॉपच्या राइटरवर, ८ एक्स; चांगल्या कंपनीची असेल आणि चाचणीत ठरली असेल तर १२पर्यंत. लॅपटॉपला यूएसबीनं जोडायचा पातळ राइटर असेल तर त्याची कमाल मर्यादाच ८ एक्स असते, म्हणून तिथे ४ किंवा ६. दोन थरांची ८.५ जीबीची डिस्क असेल तर अजून जपायला हवं: ८ एक्सची असेल तर ४, आणि जुन्या २.४ एक्सच्या डिस्कला २.४च. या डिस्कमध्ये लेसरला पहिला थर ओलांडून दुसऱ्यावर लिहायचं असतं आणि मध्ये थर बदलताना काही प्लेअर क्षणभर थबकतात. लग्नासाठी मी दोन थरांची डिस्क सुचवणार नाही. दोन साध्या डिस्क द्याव्यात, एकीवर हळद-सीमंतपूजन, दुसरीवर लग्न आणि पाठवणी. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कला मात्र निम्म्याचा नियम लावू नका. त्यात रंगद्रव्य नसून धातूच्या मिश्रणाचा थर असतो. छापलेलाच वेग ठेवा. गिऱ्हाइकाला कच्चं मिक्सिंग दाखवायला ती उत्तम, पण अंतिम प्रत म्हणून देऊ नये, कारण तिच्यावरून परतणारा प्रकाश कमी असतो आणि जुने प्लेअर तिला ओळखत नाहीत. ब्लू-रेला १ एक्स म्हणजे सेकंदाला साडेचार मेगाबाइट. २५ जीबीची डिस्क ४ एक्सवर पंचवीस मिनिटांच्या आत-बाहेर होते, तेवढा वेग ठीक.

व्हीसीडी अजून कुणी मागितली तर? तिचं गणित वेगळं आहे. सीडीचा १ एक्स फक्त सेकंदाला १५० किलोबाइट. ५२ एक्स छापलेली सीडी १६ ते २४ एक्सवर मारावी. ऐंशी मिनिटांची सीडी १६ एक्सवर पाच मिनिटांत होते. ५२वर लावली तर तीच सीडी आतल्या भागात ठीक आणि बाहेर चुकांनी भरलेली निघते.

डीव्हीडीत वजा आणि अधिक असे दोन प्रकार आहेत. घरगुती प्लेअरसाठी डीव्हीडी-आर, म्हणजे वजा, घ्यावी. जुन्या यंत्रांना ती अधिक ओळखीची असते.

एक गैरसमज दूर करणं आवश्यक आहे, कारण गिऱ्हाईकही तो घेऊन येतं. राइट करायच्या वेगाचा चित्राच्या सुबकतेशी काहीही संबंध नाही. ४ एक्सवर मारलेल्या डिस्कमध्ये चेहरे अधिक उजळ दिसत नाहीत. डिस्क कोणत्याही वेगानं मारली तरी घरचा प्लेअर ती साध्या १ एक्सनंच वाचतो. चित्र फिकट किंवा दाणेदार दिसत असेल तर त्याचं मूळ बिटरेटमध्ये आहे. ४.७ जीबीत दीड तास भरला तर सेकंदाला जवळपास ७ मेगाबिट मिळतात, दोन तास भरले तर ५.२, तीन तास भरले तर साडेतीनच्या खाली. नगरकडच्या लग्नात सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंतचं चित्रण तीन-साडेतीन तासांचं सहज होतं. ते सगळं एकाच डिस्कमध्ये कोंबलं की नाचाच्या दृश्यात चित्र फुटणारच. उलट टोकही टाळावं. डीव्हीडीच्या मानकात एकूण मर्यादा १०.०८ मेगाबिटची आहे, पण राइट केलेल्या डिस्कवर आवाज धरून ८ मेगाबिटच्या वर जाऊ नये. बिटरेट जितका चढा, तितकी जुन्या प्लेअरला चूक झाल्यावर पुन्हा वाचायला उसंत कमी. आणि डिस्क काठोकाठ भरू नका. ४.२-४.३ जीबीवर थांबलात तर सर्वांत बाहेरची, सर्वांत कच्ची पट्टी कोरी राहते. पाठवणी वाचवण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आपल्याकडच्या हवेचा आणि विजेचा विचारही करायला हवा. नगरचा भाग पर्जन्यछायेतला. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि पारनेर-सुप्याच्या माळावरचा वारा धूळ घेऊन येतो. राइटर लागोपाठ चालवला की आतला लेसर तापतो आणि चार-पाच डिस्कनंतर निकाल घसरायला लागतो. मध्ये दहा मिनिटं थांबा, संगणकाचे बाजूचे पत्रे उघडे टाकून धूळ आत घेऊ नका. स्पिंडलचं झाकण उघडं ठेवू नका. कोऱ्या डिस्कवर बसलेला धुळीचा कण लेसरच्या वाटेत येतो आणि तिथली खूण कायमची अर्धी राहते. नंतर पुसून ती भरत नाही.

विजेसाठी यूपीएस हवाच. भारनियमनाच्या वर्षांत ज्यांनी धंदा केला त्यांना हे सांगायला नको, पण आजही लग्नसराईत डीपीवर भार आला की दिवे मिचमिचतात. पुरवठा मंदावला तर लेखन तात्पुरतं थांबवून पुन्हा जोडण्याची सोय २०००च्या आसपासपासून राइटरमध्ये आली आहे. सानयोनं तिला ‘बर्न-प्रूफ’ म्हटलं. ती सोय मदतीला असली तरी तिच्यावर विसंबू नये. वीज पूर्ण गेली तर तिचा काहीच उपयोग नाही, आणि जोडाच्या जागी प्लेअर अडखळू शकतो. चित्रपट आधी संगणकाच्या हार्ड डिस्कवर पूर्ण तयार करा, त्याची आयएसओ फाइल बनवा आणि तिथूनच राइट करा. पेन ड्राइव्हवरून किंवा कॅमेऱ्याच्या कार्डावरून थेट राइट करू नका. पुरवठा संथ असला की जास्त वेग ठेवूनही उपयोग होत नाही. यूएसबी राइटरला दोन टोकांची वायर दिलेली असेल तर दोन्ही टोकं लावा. एका पोर्टची वीज लेसरला पुरत नाही आणि डिस्क अर्ध्यावर सुटते.

मंडळांच्या कामात प्रती शंभर-दोनशे असतात. गंगागिरी महाराजांच्या सप्ताहासारख्या मोठ्या सोहळ्यानंतर मागणी एकदम येते आणि मोह होतो वेग वाढवण्याचा. त्याऐवजी राइटर वाढवा. एकाच वेळी पाच-सात डिस्क मारणारे डुप्लिकेटर टॉवर भाड्यानं किंवा जुने मिळतात. सात डिस्क ८ एक्सवर एकत्र मारल्या तर एका राइटरवर १६नं धावण्यापेक्षा कितीतरी जास्त काम होतं. प्रती हजाराच्या घरात गेल्या, तर राइट करूच नका. कारखान्यात साच्यातून छापून घ्या. छापील डिस्कमध्ये रंगद्रव्य नसतं, ती जास्त टिकते आणि कोणत्याही प्लेअरला चालते.

महाविद्यालयांतल्या मुलांनाही हे सांगावंसं वाटतं. नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात संज्ञापन शिकताना नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि त्याला ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या कथाबाह्य चित्रपटाचा मान मिळाला. त्या काळात विद्यार्थ्यांचे लघुपट महोत्सवांकडे डिस्कवरच जात. परीक्षकानं डिस्क घातली आणि ती अडकली, तर तो पुढची घेतो. आजही कुणी डिस्क मागितली तर दोन प्रती पाठवा, दोन वेगळ्या कंपन्यांच्या डिस्कवर, ८ एक्सवर मारलेल्या आणि दोन्ही शेवटपर्यंत बघितलेल्या.

न्यायालयासाठी डिस्क देणाऱ्यांची जबाबदारी याहून मोठी आहे. व्हिडिओ डिस्क खटल्यात किती निर्णायक ठरते, याचं ठळक उदाहरण जालन्याचं आहे. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचे उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाले की नाही, यावर वाद झाला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कचेरीतलं कॅमेऱ्याचं चित्रण पुरावा म्हणून सीडींच्या रूपात पुढे आलं. औरंगाबाद खंडपीठानं २०१७मध्ये त्यांची निवड रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२० रोजी अपील फेटाळताना इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र सक्तीचं असल्याचं स्पष्ट केलं. आपला जिल्हाही त्याच खंडपीठाच्या कक्षेत येतो. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३खालच्या प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं.

त्यामुळे सीसीटीव्हीचं चित्रण पोलिसांना देताना ते प्लेअरवर चालणाऱ्या डीव्हीडी-व्हिडिओत बदलू नका. तसं केलं की फाइल नव्यानं घडते आणि मूळ राहत नाही. डीव्हीआरमधून निघालेली फाइल जशीच्या तशी डेटा डिस्क म्हणून लिहा. एकदाच लिहिता येणारी डिस्क वापरा, ८ एक्स ठेवा, ‘फायनलाइझ’ करा म्हणजे नंतर तिच्यात काही भरता येणार नाही, आणि ‘व्हेरिफाय’ची खूण चालू ठेवा. मग हार्ड डिस्कवरच्या मूळ फाइलचं आणि डिस्कवरून वाचलेल्या फाइलचं हॅश काढा. विंडोजमधल्या सर्टयुटिल आज्ञेनं ते निघतं. दोन्ही अक्षरश: सारखी आली पाहिजेत. एक बिट जरी बदलला तरी मूल्य वेगळं येतं. वेग बरोबर होता की नाही, याची याहून कडक परीक्षा नाही.

डिस्क तयार झाल्यावर तिच्यावर कागदी स्टिकर चिकटवू नका. नवरा-नवरीचा फोटो छापलेला गोल स्टिकर दिसतो सुंदर, पण त्यानं तोल जातो, उन्हाळ्यात त्याचा डिंक सुटतो आणि प्लेअरमध्ये फिरताना डिस्क थरथरते. फोटो हवाच असेल तर पांढऱ्या पाठीच्या, प्रिंट करता येणाऱ्या डिस्क घ्या. लिहायचं तर पाण्याच्या शाईच्या मऊ मार्करनं, शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर. पुसायची झाली तर सुती कपड्यानं मधून बाहेर सरळ, गोल फिरवून नाही; गोल ओरखडा वेटोळ्याच्या दिशेनं जातो आणि दुरुस्तीची सोय तिथे हरते. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेनं २००३मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत दीर्घ काळासाठी ४ ते २० अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सुचवली आहे. पत्र्याच्या घरात हे शक्य नाही हे उघड आहे. पण कपाटाच्या खालच्या कप्प्यात, कडक डबीत, उभी ठेवणं आणि गाडीच्या काचेखाली न ठेवणं कुणालाही जमतं.

शेवटी ज्यांच्या घरी वीस वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या, बारशाच्या, आजोबांच्या पंचाहत्तरीच्या डिस्क आहेत त्यांच्यासाठी. त्या आताच कॉपी करा. इथेही वेग लागू आहे, वाचनाचा. अडकणारी डिस्क संगणकात घातली की ड्राइव्ह पूर्ण वेगानं वाचायला जातो आणि सोडून देतो. वाचनवेग मर्यादित करणाऱ्या साधनानं तो ४ एक्सवर किंवा त्याखाली आणा. बरेचदा जे १६वर गेलं असं वाटतं ते ४वर निघतं. एका ड्राइव्हवर नाही निघालं तर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर बघा, प्रत्येकाचा लेन्स वेगळा असतो. प्लेअरमध्ये पुन्हा पुन्हा लावून ‘चालते का’ बघत बसू नका. एकदा आयएसओ मिळाली की ती हार्ड डिस्कवर ठेवा, दुसरी प्रत गावातल्या दुसऱ्या घरी ठेवा आणि मग नव्या डिस्कवर मारायची तर ८ एक्सवर, ४.३ जीबीच्या आत, शेवटची दहा मिनिटं बघून.